एस अटर्नी × तुमचा आवडता खेळ : कोर्टाचे नियम धरून क्रॉसओव्हर रचू या

काळा_कोट
'ग्याकुतेन साइबान' म्हणजे आपली एस अटर्नी मालिका. पहिला भाग ऑक्टोबर २००१ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सवर आला, कॅपकॉमचा, दिग्दर्शक शू ताकुमी. 'ग्याकुतेन' म्हणजे हरलेली बाजी पलटवणं. खेळाडू वकील फिनिक्स असतो : साक्षीदाराचं विधान टोकायचं (त्यावर प्रश्न विचारायचा) किंवा त्याच्याशी विसंगत पुरावा सादर करायचा, चुकलं की दंड. या मालिकेचे क्रॉसओव्हर (दुसऱ्या खेळाशी मेळ) आजवर थोडेच झाले, पण त्यांतून शिकण्यासारखं भरपूर आहे.

धाग्याचा नियम एकच. "फिनिक्स आणि अमुक एका खोलीत आले तर किती मजा" एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या खेळाचा नियम कोर्टात आला की उलटतपासणीचं काय होतं, ते लिहा. पुरावे किती, विधानं किती, चुकीला दंड काय, आणि रचना कुठे मोडेल, हेही लिहा.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'प्रोफेसर लेटन विरुद्ध एस अटर्नी' (जपानमध्ये नोव्हेंबर २०१२, इंग्रजीत २०१४, थ्रीडीएस). तिथे चेटकिणींवर खटले चालतात. जादू खरी मानली तर कोणीही काहीही करू शकतो, मग विसंगती पकडणार कशी? उत्तर असं काढलं की जादूलाच नियमावली दिली. कोणत्या मंत्राला कोणतं रत्न लागतं, मंत्राने काय होतं आणि काय होत नाही, हे सगळं मंत्रांच्या पोथीत आहे आणि ती पोथीच पुरावा म्हणून दाखल करता येते. साक्षीदारही पिंजऱ्यात एकटा नसतो, घोळक्याने उभे असतात. एकाला टोकलं की दुसऱ्याचा चेहरा बदलतो, मग त्याच्याकडे वळायचं. लेटनची हिंट कॉइन्स (अडलं की सूचना मिळवायची नाणी) कोर्टातही चालतात. दोन्ही खेळांनी एकमेकांना काहीतरी दिलं, म्हणून तो क्रॉसओव्हर टिकला.

तिसरी_घंटा
मारामारीच्या खेळातलं उदाहरणही धरा. 'अल्टिमेट मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम ३' (२०११) मध्ये फिनिक्सला तीन अवस्था आहेत : तपास, कोर्ट आणि बाजी-पलट. तपासात असताना पुरावे गोळा करायचे. हातात तीनच मावतात, फालतू निघाला तर फेकून द्यायचा. तीनही खरे जमले की कोर्टात जायचं आणि तिथे "ऑब्जेक्शन" लागलं की बाजी-पलट सुरू. तोवर तो अगदी दुबळा असतो. वकिलाला कराटे न शिकवता त्याच्या खेळाचं चक्रच लढाईत आणलं, ही फार मोठी गोष्ट आहे. 'प्रोजेक्ट एक्स झोन २' मध्ये तो आपली सहायक माया हिच्यासोबत मदतनीस म्हणून येतो. तिथे मात्र चित्र आणि आवाज आहेत, नियम नाही.

सायली_द
माझं मत ठाम आहे : घोस्ट ट्रिक. तोही ताकुमींचाच खेळ (२०१० डीएस, २०२३ मध्ये नव्याने).

नियम आधी मांडते. सिसेल हा भुताचा जीव. तो वस्तूंमध्ये शिरतो, पण त्याचा हात जवळच्याच वस्तूंपर्यंत पोचतो. लांब जायचं तर फोनच्या तारेतून. ताज्या प्रेताजवळ गेला की मृत्यूच्या ४ मिनिटं आधीच्या क्षणात जाऊन तो मृत्यू टाळू शकतो.

अडचण लगेच दिसते. मृत्यू टळला तर खून नाही, आणि खून नाही तर खटला कसला? म्हणून आरोप "खुनाचा प्रयत्न" असा ठेवायचा, आणि जी मरणार होती तीच मुख्य साक्षीदार. घोस्ट ट्रिकमध्ये ज्यांचा आत्मा जागा झालेला असतो त्यांना वाचल्यानंतरही आपलं मरण आठवतं. म्हणजे पिंजऱ्यात अशी बाई उभी आहे जिला न घडलेला खून आठवतोय. ती शपथेवर सांगते, "छताचा दिवा माझ्या डोक्यावर पडला." पंचनाम्यात दिवा जागच्या जागी, काच शाबूत. सरकारी वकील एजवर्थ तिला खोटारडी ठरवणार. फिनिक्सला ती खरं बोलतेय हे माहीत आहे, पण कोर्टाला सांगता येत नाही.

पुराव्यांच्या वहीत दोन रकाने : "पुसलेला काळ" आणि "उरलेला काळ". कोर्टात सादर करता येणार फक्त उरलेल्या काळातलं. पुसलेल्यातलं खेळाडूच्या डोक्यासाठी. सिसेलने दिवा झुलवला असेल तर दिवा शाबूत राहतो, पण दोरीला पीळ राहतो. तो पीळ हाच सादर करायचा पुरावा.

पुरावा_क्र_७
सायली, कल्पना जबरदस्त आहे, पण आकडेमोड करून पाहा. साध्या खटल्यात १२ पुरावे आणि ५ विधानांची जबानी म्हणजे ६० जोड्या, त्यांतली एक बरोबर. दोन रकान्यांचे मिळून २४ पुरावे झाले तर १२० जोड्या. खेळाडू तर्क सोडून सगळं आपटत बसेल.

त्याहून वाईट गोष्ट लेखनाची. भूतकाळात तीनदा जाता येतं आणि प्रत्येक वेळी एक वस्तू बदलायची की नाही हे खेळाडूच्या मर्जीवर सोडलं, तर खोलीच्या २ × २ × २ म्हणजे ८ अवस्था होतात. प्रत्येक अवस्थेला वेगळी जबानी, वेगळा पंचनामा. आठ खटले लिहावे लागतील आणि सात कुणी वाचणार नाही. क्रम बांधून द्या : आधी दिवा, मग खिडकी, मग फोन. मग अवस्था चारच, मूळची एक आणि बदललेल्या तीन. मूळ घोस्ट ट्रिकमध्येही वाट बहुतेक ठिकाणी बांधलेलीच आहे.

सायली_द
मान्य. क्रम बांधलेला. आणि एका जबानीच्या वेळी वहीत दहापेक्षा जास्त "सादर करण्याजोगे" पुरावे नकोत. पुसलेल्या काळाचं पान वेगळ्या बटणावर ठेवलं तर जोड्या ५० वर येतात.

मेइजी_ज्युरी
कोर्ट खुराइनला हलवा! 'स्पिरिट ऑफ जस्टिस' (२०१६) मध्ये खुराइन देशाच्या कोर्टात मृताचं दर्शन कायदेशीर पुरावा आहे. राजकन्या रेफा जलकुंडात मेलेल्याचे शेवटचे क्षण दाखवते, पाण्यावर त्याच्या पंचेंद्रियांना जाणवलेल्या गोष्टींचे शब्द तरंगतात आणि ती त्यांचा अर्थ लावते. वकील तिचा अर्थ आणि ते शब्द यांतली विसंगती पकडतो. शिवाय तिथे आरोपी दोषी ठरला तर वकिलालाही तीच शिक्षा. दंडाची पट्टी आयती मिळाली.

पुरावा_क्र_७
दर्शन मेलेल्याचंच होतं. वाचलेल्या बाईचे शेवटचे क्षण आलेच नाहीत, तर कुंडात दाखवणार काय? आणि पहिल्या दिवशी ती मेलेली असताना दर्शन झालं, रात्री सिसेलने वाचवलं असं म्हटलं, तर वेळ मागे गेल्यावर ते दर्शनही पुसलं जातं. रेफालाही आठवणार नाही.

मेइजी_ज्युरी
बरोबर. मग दर्शन दुसऱ्या कुणाचं तरी ठेवू, ज्याला सिसेल वाचवू शकला नाही त्याचं. एकाच प्रसंगात दोन माणसं, एक वाचली, एक गेला. गेलेल्याच्या शेवटच्या आठवणीत दिवा पडल्याचा आवाज आहे का? ज्या काळात तो मेला त्यात दिवा पडलाच नाही, म्हणून नाही. बाई म्हणते पडला, कुंड म्हणतं नाही. खुराइनमध्ये कुंडावर शंका घेणं म्हणजे श्रद्धेवरच घाव.

काळा_कोट
हे पाहिजे होतं. मूळ मालिकेतला आधारही आहे. पहिल्या भागातल्या डीएल-६ या जुन्या खून-प्रकरणात पोलिसांनी मिस्टी फे या आत्मे बोलावणाऱ्या बाईकडून मृताच्या आत्म्याची जबानी घेतली आणि ती चुकीची निघाली. आत्मा खोटं बोलला नव्हता, त्याला जे वाटलं ते त्याने सांगितलं. मेलेल्या माणसाचीही समजूत चुकू शकते, हा नियम क्रॉसओव्हरमध्ये जपला नाही तर भूत म्हणजे उत्तरांची किल्ली होऊन बसेल.

जाता जाता : डीएल-६ मध्ये १५ वर्षांची मुदत संपत आलेली असते, तो खेळाचा शोध नाही. २००१ साली जपानमध्ये खुनाचा खटला भरायची मुदत खरंच १५ वर्षं होती. पुढे ती २५ झाली आणि २०१० मध्ये खुनासाठी मुदतच काढून टाकली. आज घडणारा नवा खटला लिहाल तर हा धागा वापरता येणार नाही.

गल्लीतला_गमशू
डिटेक्टिव्ह कोनान, लहान मुलाच्या रूपातला गुप्तहेर. हे सगळ्यांच्या मनात असणारच. कोनान आणि किंदाइची (दुसरा गुप्तहेर) यांचा एकत्र डीएस खेळ २००९ मध्ये आलाच आहे, पण दोघेही शोध घेणारे, त्यामुळे टक्कर होत नाही. कोनान कोर्टात आणला तर होते.

कारण असं : कोनान घड्याळातून भूल देणारी सुई मारतो, गुप्तहेर मोरी कोगोरो झोपतो आणि आवाज बदलणाऱ्या बो-टायमधून कोनान कोगोरोच्या आवाजात उलगडा करतो. आता त्या उलगड्यावरून अटक झालेला माणूस फिनिक्सचा अशील आहे. सरकारी वकील कोगोरोला साक्षीला बोलावणार. आणि कोगोरोला स्वतःचा उलगडा आठवतच नाही! जबानी अशी होईल :

१. त्या रात्री मी खुर्चीत बसून सगळा उलगडा केला.
२. खुनी कोण, ते मी माझ्या तोंडाने सांगितलं.
३. बोलणं संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.
४. हॉलमधल्या सगळ्यांनी मला बोलताना पाहिलं.

वहीत एक फोटो आहे. कोगोरोची मान खाली, तोंड मिटलेलं, आणि समोरचे लोक थक्क होऊन ऐकतायत. चौथ्या विधानावर फोटो सादर करायचा. ऐकलं सगळ्यांनी, बोलताना पाहिलं कुणीच नाही.

सायली_द
पण कोनानची मालिका त्याचं गुपित टिकण्यावर उभी आहे आणि फिनिक्सची गुपित फुटण्यावर. शेवट काय करणार?

गल्लीतला_गमशू
म्हणूनच दोन पट्ट्या. एक नेहमीची दंडाची, दुसरी "संशय" : कोर्टाची नजर कोपऱ्यातल्या त्या मुलाकडे किती वळली. फिनिक्सने उलगड्यातली चूक सिद्ध करायची, पण बोलणारा कोण होता हे उघड होऊ द्यायचं नाही. वरचा फोटो योग्य जागी लागला तरी संशय वाढतो. तिसऱ्या विधानावर मानेवरचा सुईचा बारीक डाग दाखवला तर दंड नाही, पण संशयाची पट्टी भरते आणि खेळ संपतो. म्हणजे बरोबर असलेलं उत्तरही टाळायचं. ही गोष्ट एस अटर्नीत सहसा होत नाही.

पुरावा_क्र_७
याचा एक परिणाम लक्षात घ्या. या मालिकेत साक्षीदाराला टोकणं जवळपास फुकट असतं, म्हणून खेळाडू प्रत्येक विधान टोकून पाहतो आणि निम्मी मजा त्या उत्तरांतच असते. टोकल्याने संशय वाढतो म्हटलं की लोक टोकायचंच बंद करतील आणि लिहिलेले संवाद वाया जातील. प्रत्येक विधान पहिल्यांदा टोकणं फुकट ठेवा, त्याच विधानावर दुसऱ्यांदा गेलं तरच संशय वाढवा. आणि धोक्याच्या विधानावर माया आधीच कुजबुजू दे, "निक (म्हणजे फिनिक्स), तो मुलगा घाम का पुसतोय?"

अक्षरवेल्हाळ
डांगनरोन्पा (२०१०, खुनाच्या खटल्यांचाच खेळ) कुणी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो : मला ते जमेल असं वाटत नाही. तिथे विधानं पडद्यावरून सरकत जातात, वेळ मोजलेली असते आणि सत्याच्या गोळीने दुबळा शब्द टिपायचा असतो. एस अटर्नीत वाचायला लागेल तितका वेळ घ्यायचा असतो. दोन्ही एकत्र केले की वाचन अर्धवट आणि नेमही चुकतो. एकच जागा सुचते : शेवटचा साक्षीदार कोसळताना, तीन-चार विधानांपुरता वेळेचा दाब.

मेइजी_ज्युरी
डांगनरोन्पातून मी वेगळी गोष्ट घेईन. तिथे मत देणाऱ्यांतच खुनी असतो. 'दाय ग्याकुतेन साइबान' (२०१५) मध्ये लंडनच्या कोर्टात सहा जणांची ज्युरी आहे. सगळे दोषी म्हणाले तरी वकील दोन ज्युरींची विधानं एकमेकांवर आदळवून मतं फिरवतो. सहांपैकी एक ज्युरी खुनी असेल तर? त्याने "दोषी" मत बदललं तर खटला लांबतो आणि तो अडकतो, नाही बदललं तर उघडा पडतो. विधानं लिहिताना त्याची दोन वाक्यं अशी हवीत जी बाकी पाचांपैकी कुणाशीच भिडत नाहीत. फार गुळगुळीत बोलणारा ज्युरी, हाच सुगावा.

ज्युरी म्हटलं की आपल्याकडे नानावटी खटला आठवतोच. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. ज्युरीचं मत आणि पुरावा यांत दरी पडली तर न्यायाधीश काय करणार, हा प्रश्न मालिकेने फारसा वापरलेला नाही. क्रॉसओव्हरमधला न्यायाधीश ज्युरीला नकार देऊ शकतो, हा नियम घालून पाहा.

तिसरी_घंटा
यागामी ('जजमेंट', २०१८) दोन ओळींत : माजी वकील, आता कामुरोचो या वस्तीत गुप्तहेर. तो पाठलाग करून, कुलपं उघडून, मारामारी करून पुरावा आणतो. म्हणून प्रत्येक पुराव्याला "कसा मिळवला" ही नोंद जोडायची आणि एजवर्थला त्यावर हरकत घेऊ द्यायची. कुलूप तोडून आणलेली वही कोर्टात चालणार नाही, पण त्या वहीवरून शोधलेला साक्षीदार चालेल. तपासात सोपी वाट घेतली की कोर्टात किंमत मोजावी लागते.

काळा_कोट
बऱ्याच जणांनी निरोपात विचारलंय की नमुना कशात बांधायचा. फॅन-खटल्यांसाठी वेबवर चालणारी तयार साधनं आहेत, पण दोन पट्ट्या किंवा दोन रकान्यांची वही त्यांत घालताना हात बांधले जातात. रेन'पाय हे संवाद-खेळ बनवायचं साधन घ्या, फुकट आहे आणि पायथनवर चालतं. नेमकं कुठे अडतं ते सांगतो.

दंड, पट्ट्या, वहीतले पुरावे, जे जे खेळात बदलतं ते 'डिफॉल्ट'ने जाहीर करा. 'डिफाइन' हे न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आहे. पुराव्यांची यादी डिफाइनने केली तर ती सेव्हमध्ये नीट जात नाही, आणि सेव्ह उघडल्यावर वही रिकामी दिसते. चाचणीत हे सुटतं, कारण आपण सहसा सलग खेळून पाहतो. मध्येच सेव्ह करून, खेळ बंद करून, पुन्हा उघडून पाहा.

दुसरं, रोलबॅक. रेन'पायमध्ये माउसचं चाक मागे फिरवलं की मागचे संवाद येतात आणि झालेला दंडही परत मिळतो! चुकीचा पुरावा, चाक मागे, दुसरा पुरावा, असं चालू राहिलं तर कोर्ट कोर्ट राहत नाही. दंड झाल्याच्या ओळीनंतर लगेच रोलबॅक अडवा. पूर्ण बंद करू नका, नुसतं वाचताना लोकांना मागे जायला हवं असतं.

तिसरं, ओळी आत सरकवताना टॅब चालत नाही, चार स्पेस. आणि प्रत्येक विधानाला स्वतःचं लेबल द्या : टोकलं की कुठे, सादर केलं की कुठे, चुकलं की कुठे. पाच विधानांना पंधरा वाटा होतात. त्या कागदावर काढल्याशिवाय लिहायला बसू नका.

अक्षरवेल्हाळ
मराठीसाठी भर घालतो. रेन'पायच्या मुळातल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन दिसतील. फॉन्ट फाइल गेम फोल्डरमध्ये टाकून सेटिंगमधलं फॉन्टचं नाव बदलावं लागतं. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' मुक्त परवान्याचा आहे, छोट्या आकारातही वाचायला स्वच्छ. रेन'पाय जुनं असेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. फॉन्ट बदलून ते जात नाही, रेन'पायच नवं घ्या. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. एका खिडकीत दोन ओळी पुरे.

"इगी आरी!" (जपानीतलं "ऑब्जेक्शन") याचा काटेरी फुगा मराठीत कसा? कोर्टात "हरकत आहे" म्हणतात, पण फुग्यात ते लांबतं. मी फक्त "हरकत!" ठेवीन. शिरोरेखा फुग्याच्या काट्यांसारखी तिरकी तोडून काढा, सरळ ठेवली तर पाटी वाटते. टोकण्यासाठी "थांबा!", सादर करताना "हे पाहा!".

तिसरी_घंटा
संगीताबद्दल : पहिल्या भागाचे संगीतकार मासाकाझू सुगिमोरी. उलटतपासणीला मोदेरातो (मध्यम गती) आणि विसंगती जवळ आली की अलेग्रो (जलद गती), या दोन गतींवर सगळा ताण उभा आहे. हरकतीच्या क्षणी आधीचं संगीत हळूहळू विझवू नका, कापा. अर्धा सेकंद पूर्ण शांतता आणि मग फुगा. रेन'पायमध्ये फेडआउट शून्य ठेवा. मूळ खेळांतलं संगीत किंवा चित्रं मात्र उचलू नका. खेळ फुकट वाटला तरी त्यांचे हक्क कॅपकॉमचेच राहतात.

पुरावा_क्र_७
एक सार्वत्रिक चूक राहिली. खेळाडूला विसंगती लेखकाच्या आधी दिसते, तो बरोबर पुरावा "चुकीच्या" वेळी टाकतो आणि दंड खातो. मूळ मालिकेतही ही तक्रार जुनी आहे. प्रत्येक जबानीला दोन याद्या द्या : बरोबर उत्तरं (एकाहून जास्त चालतील) आणि "बरोबर, पण लवकर". दुसऱ्या यादीला दंड नाही, न्यायाधीश म्हणतील, "हा मुद्दा लक्षात ठेवतो, आत्ता पुढे चला."

सायली_द
आता घोस्ट ट्रिकचं पुढचं. रहस्यभेद, दोन्ही खेळ संपवले नसतील तर वाचू नका.

कुत्रा मिसाइल. त्याची शक्ती वेगळी : एकाच आकाराच्या दोन वस्तूंची अदलाबदल. (एस अटर्नीच्या पहिल्या भागात मिसाइल नावाचा पोलिसी कुत्राही आहे, तो शिबा, हा पॉमेरेनियन.) आणि मालिकेच्या अगदी पहिल्या खटल्यात एकसारख्या दोन वस्तू आहेतच : आरोपी लॅरीने केलेली विचारवंताच्या पुतळ्याची दोन घड्याळं. एक त्याने सिंडीला (जिचा खून झाला तिला) दिलं, तेच खुनाचं हत्यार. साक्षीदाराने दुपारी १ वाजल्याचं ऐकलं, मृत्यू ४ वाजता, आणि घड्याळ ३ तास मागे होतं. फिनिक्स पहिला खटला याच ३ तासांवर जिंकतो. कुणीतरी मिसाइलकरवी घड्याळं बदलली, तर साक्षीदार बरोबर ४ वाजल्याचं ऐकतो, विसंगती नाहीशी होते आणि लॅरी तुरुंगात जातो. खेळ तिथून सुरू : फिनिक्स हरलेला, आणि त्याला ठाऊक नाही की कधीतरी तो जिंकला होता.

पुरावा_क्र_७
मिसाइलचा पल्ला सिसेलपेक्षा लांब आहे, पण दोन्ही वस्तू पल्ल्यात हव्यात. दुसरं घड्याळ लॅरीच्या घरी होतं ना?

सायली_द
त्या दिवशी लॅरी सिंडीच्या घरी गेला होता, ती नव्हती म्हणून परतला. दुसरं घड्याळ त्याच्या पिशवीत होतं असं धरायचं. मूळ कथेतलं काही मोडत नाही. तो दारात उभा असताना बदल झाला. म्हणजे खुनानंतर पिशवीत ३ तास मागे असलेलं घड्याळ सापडेल, आणि तेच सादर करण्याजोगा एकमेव पुरावा. वहीत त्याचा क्रमांक १.